उघाडी कोणी उघडायची? खाजण, कांदळ आणि खाडीतल्या मासळीचा इतिहास

मंडळी, खाजणावर लिहा असं बरेच जण सांगत होते. प्रश्न सगळ्यांचा साधारण एकच. बांध फुटून वर्षं झाली, आत तिवर-कांदळ माजलंय, सातबाऱ्यावर मात्र अजून भात आहे. आता बांध पुन्हा घालावा, की कांदळ राहू देऊन चिंबोऱ्या-कालवं करावी? आमच्या वाडीलाही येत्या वर्षात हे ठरवायचंय, म्हणून मी जुने कायदे, इतिहासाची पुस्तकं आणि वाडीतली म्हातारी माणसं असा सगळीकडे फिरलो. जे हाती लागलं ते लिहितोय. लांबण आहे, दुपारच्या विश्रांतीला वाचा.

आधी आमच्या बाहेरच्या वाचकांसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात उत्तरेला बाणकोटपासून केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड करत दक्षिणेला जैतापूरपर्यंत खाड्याच खाड्या. भरती फार आतपर्यंत चढते. दाभोळची भरती चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत जाते. या खाड्यांच्या काठची, भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी सपाट चिखलाची जमीन म्हणजे खाजण. आपल्या वाडवडिलांनी त्यातल्या काही भागाला बांध घालून भात पिकवलं. बांधात एक दार ठेवलं, तीच उघाडी. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बाहेरचं खारं पाणी अडवायचं, एवढंच तिचं काम. पण सगळी शेती आणि अर्धी मासळी त्या दारावर उभी असायची.

शेतीचं आधी सांगतो. पहिले जोराचे पाऊस पेरणीचे नसतात, ते मीठ धुवायचे असतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला सुरुवातीचा हप्ता जमिनीवर उभा करायचा आणि ओहोटी धरून उघाडीतून सोडून द्यायचा. असं दोन-तीनदा केलं की वरचा थर भाताला सोसेल इतका गोडा होतो. मग मोड आलेलं बी फेकायचं, त्याला रहू म्हणतात, किंवा माळावरच्या तरव्यातली रोपं आणून लावायची. जात खाऱ्यात तगणारी हवी. राता भात त्यासाठीच होतं. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काळा राता, भुरा राता यांच्यातून निवड केली आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. पावसाळा संपला की खालचं मीठ पुन्हा वर चढायला लागतं, म्हणून दुसरं पीक सहसा नाहीच.

आता मासळीचं. इथे जरा थांबतो, कारण कृषी खात्याच्या पुस्तकात हा भाग येत नाही आणि मत्स्य खात्याच्या पुस्तकात भात येत नाही. भात कापून झालं की आमच्या खाजणात उधाणाच्या भरतीला उघाडी मुद्दाम उघडी ठेवायचे. पाण्याबरोबर कोळंबी, बोय, तांबोशीची पिल्लं, चिंबोऱ्या आत यायच्या. ओहोटीला दाराच्या तोंडाशी जाळं लावायचं. ज्याची पाळी त्याची मासळी, आणि त्यातला वाटा बांधाच्या डागडुजीला. जुन्या माणसांकडून मी हे ऐकलंय, आणि गोव्याच्या खाजणांत तर ते लेखी नोंदींसकट सापडतं.

जिताड्याचं उदाहरण घ्या. गोव्यात ज्याला चणक म्हणतात तोच हा मासा. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं पावसाळ्यात भरतीबरोबर आत सरकतात, कांदळाच्या मुळांत, खाजणाच्या चरांत, अगदी भातशेतापर्यंत. अलिबाग-पेणकडच्या खारपट्टीतले शेतकरी हीच पिल्लं पकडून घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि दोन-तीन वर्षांनी लग्नकार्याला, पाहुण्याला काढतात. त्यात एक गंमत अशी की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे वेचून संपवले तर माद्याच संपतात. आणि पिल्लांना आत यायचं दारच बंद राहिलं तर मोठे कुठून होणार? चिंबोरीचंही असंच. मादी अंडी घेऊन समुद्राकडे जाते, पिल्लं परत कांदळात येतात. खाडीच्या मासळीला जागेइतकीच ये-जाही लागते.

मग ही दारं सांभाळायचं कोण? याचं उत्तर काळागणिक बदलत गेलं.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिलोत्री नावाची पद्धत होती. खार जमीन बंदिस्त करणारा शिलोत्रदार बाहेरचा बांध राखायचा आणि त्या बदल्यात बिघ्यामागे भात घ्यायचा. रत्नागिरीत खोती. खाजणाचा बांध फुटला की खोताच्या हुकमानं घरटी माणूस चिखल वाहायला हजर. कागदावर हे सगळं सुरेख दिसतं. हल्ली काही जण 'जुनी सामूहिक व्यवस्था' म्हणून त्याचे गोडवे गातात. मला ते पटत नाही. बांध राखला जायचा हे खरं, पण तो कुळाच्या घामावर राखला जायचा आणि भात खोताच्या कोठारात जायचं. म्हणून तर अलिबाग तालुक्यातल्या चरीला २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. कुळांनी जमिनी पिकवणंच थांबवलं आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही, पण खोतीचे दिवस भरले होते.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर आले. १९४८ चा खार जमीन कायदा, त्याच वर्षीचा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा मालक ठरला. आमच्या घरात आज जी जमीन आहे ती या कायद्यांमुळेच, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध एक शब्द माझ्याकडून निघणार नाही. पण एक गोष्ट या सगळ्यांत सुटली. जमीन तुकड्यातुकड्यानं कुळांच्या नावावर झाली, बांध मात्र तुकड्यांत वाटता येत नाही. मैलभर बांधाच्या आत साठ खातेदार. खांड पडते एकाच्या शेतासमोर, खारं पाणी शिरतं साठ जणांच्या शेतात. पूर्वी माणसं गोळा करणारा खोत होता, जुलमी का असेना. आता माणसं कोणी गोळा करायची?

१९४८ च्या कायद्यानं त्यासाठी खार जमीन विकास मंडळ केलं, खर्चात सरकारचा वाटा आणि शेतकऱ्यांचा वाटा. वाटा वसूल होईना. मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला आणि योजनांचं काम सरकारी खात्याकडे गेलं. बांध उंच झाले, दगडी पिचिंग झालं, लाकडी फळ्यांच्या जागी काँक्रीटच्या उघाड्या आणि लोखंडी झडपा आल्या. झडप भरतीच्या दाबानं आपोआप बंद होते, ओहोटीला आपोआप उघडते. माणूस लागत नाही. बरं झालं असंच सगळ्यांना वाटलं, आणि भाताच्या दृष्टीनं काही वर्षं बरं झालंही. पण ती झडप पाणी फक्त बाहेर सोडते. आत येणारं पिल्लू तिला कळत नाही. पूर्वी उन्हाळ्यात दार मुद्दाम उघडं ठेवणारा माणूस असायचा, तो व्यवहारातून गेला. मग लोखंड गंजलं. खाऱ्या हवेत ते किती टिकणार! झडप अर्धी उघडी अडकली की शेत खारं, बंद अडकली की पावसात शेत बुडालेलं. दुरुस्तीसाठी अर्ज करायचा, तर तो कुठे करायचा हेच अर्ध्या गावाला ठाऊक नसतं. मी स्वतः एका कार्यालयातून दुसऱ्यात असा तीनदा पाठवला गेलोय.

याच काळात गावं रिकामी होत होती. गिरणीत, गोदीत, पुढे नोकऱ्यांत माणसं मुंबईला गेली. उधाणाच्या रात्री बांधावर धावून जायला पोरं हवीत, ती गावात राहिलीच नाहीत. खांड पडली, एका पावसाळ्यात बुजवली नाही की दुसऱ्या पावसाळ्यात ती तिप्पट रुंद होते. असं करत बऱ्याच खाजणांवर पाणी फिरलं.

गाळ हा आणखी एक विषय, त्यावर वेगळं लिहीन. एवढंच सांगतो की सतराव्या शतकात राजापूर हे जहाजांचं बंदर होतं, इंग्रजांची वखार तिथे होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. आज त्या बंदरापर्यंत गलबत नेऊन दाखवा. वर डोंगर तुटले की खाली खाडी उथळ होते, तळ वर येतो आणि तेवढ्याच बांधावरून जास्त पाणी चढतं. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं गोडं पाणी १९६० च्या दशकापासून वरून येतंय, त्यामुळे तिथलं खारं-गोडं गणित आणखी निराळं. शिवाय लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या भोई-खारवी मच्छीमारांचा झगडा जुना आहे. पाणीच बिघडलं तर बांध, दार, कांदळ यातलं काहीच कामाला येत नाही.

बांध फुटलेल्या खाजणात काय होतं, ते आमच्या वाडीत मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी दोन-तीन वर्षं नुसता भकास चिखल. मग तिवराचं बी भरतीबरोबर येऊन रुजतं, कडेनं मारांडी येते, चराच्या तोंडाशी चिप्पी आणि कांदळ. पंधरा-वीस वर्षांत आत शिरायला वाट राहत नाही. आजोबांच्या पिढीनं त्याला 'शेत मेलं' म्हटलं. पण त्याच जागेत आता चिंबोऱ्यांची बिळं आहेत, मुळांना कालवं लागलीत, बगळे-खंड्या तर विचारूच नका. शेत गेलं, पण जागा मेली नव्हती.

या झाडांना किंमत आहे हे सरकारलाही हळूहळूच कळलं. त्याआधी मधला एक अध्याय झाला, कोळंबीचा. १९९० च्या सुमारास आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर खाजणं, शेतं, कांदळ खोदून कोळंबीची तळी निघाली. १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी रात्रीत साफ झाली. आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर निकाल देऊन किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातल्या अशा कोळंबी तळ्यांना चाप लावला, पारंपरिक पद्धतीची शेती मात्र चालू ठेवू दिली. नंतर २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा आला. हा अध्याय मुद्दाम सांगतोय, कारण आज 'खाजणात तळं काढा, लाखो कमवा' असं सांगणारे पुन्हा फिरतायत.

कांदळवनाला संरक्षण मिळालं ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं. पण खरा धाक बसला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशानं आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानं. जमीन सरकारी असो की खाजगी, कांदळ तोडायचं नाही, आणि त्याच्या भोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. २०१२ ला राज्याचा कांदळवन कक्ष झाला, २०१५ ला कांदळवन प्रतिष्ठान, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला.

यात आमच्यासारख्यांची अडचण कुठे आहे बघा. माझ्या चुलत्यांच्या नावावर पंचवीस गुंठे खाजण आहे. सातबाऱ्यावर ती भातजमीन, जागेवर जंगल. तोडता येत नाही, पिकवता येत नाही, विकली तर कोण घेणार? बांध आमच्या हातानं फुटलेला नाही. कांदळ राखावं हे मला मान्य आहे, पण ते राखण्याचा भार साठ खातेदारांच्या डोक्यावर आणि फायदा सगळ्या किनाऱ्याला, हे काही बरोबर नाही. २०१७ ला सरकारनं कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आणली, त्यात चिंबोरीपालन, कालवं आणि शिनाण्यांची शेती, पिंजऱ्यातला जिताडा, शोभिवंत मासे, पर्यटन यांना बचतगटांमार्फत अनुदान मिळतं. हे पहिलं पाऊल म्हणून चांगलंच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट कांदळवनात होडीनं पाहुणे फिरवतो, आपल्या आंजर्ल्यातही कांदळवन दाखवायचं काम सुरू झालं.

पण शेतकरी म्हणून हिशेब नीट घाला. कालवं आणि शिनाणे यांना खाद्य लागत नाही, ते पाणी गाळून खातात, म्हणून खर्च कमी. पण पावसाळ्यात खाडी गोडी झाली की मरतात, त्यामुळे काढणी मे संपायच्या आत. चिंबोरीची पिल्लं खाडीतूनच वेचून तळ्यात टाकली तर आपण खाडी रिकामी करून तळं भरतोय. तमिळनाडूत राजीव गांधी जलकृषी केंद्राची हॅचरी आहे, बी तिथून आणता येतं. जिताड्याची कृत्रिम पैदास चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेनं १९९७ मध्ये साधली, त्यामुळे त्याचंही बी मिळतं. पण त्याला खायला मासळी किंवा महागडं खाद्य लागतं, तो हिशेब आधी बघा. घरात माहितगार कोणी नसेल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आपल्या दारात आहे. जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

आता गोवा आणि केरळ, कारण मला उत्तर तिथे दिसतं. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजण मानतात. तिथे उघाडीला मानस म्हणतात, आणि आतल्या चराला, जिथे पाणी आणि मासळी साठते त्याला, पोंय. गावकरी मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करायची आणि त्या पैशातून बांध राखायची. पुढे गावकरीच्या जागी कुळांच्या संघटना आल्या, लिलाव चालू राहिला. तिथेही आता भानगडी आहेत. मासळीला भाव जास्त, म्हणून लिलाव घेणारा भातातसुद्धा खारं पाणी सोडतो आणि भात मरतं. पण मुद्दा असा की बांधाचा खर्च मासळीतून निघत होता आणि दार कधी उघडायचं याचा नियम गावाला ठाऊक होता. केरळात पोक्काळी शेतीत जून ते ऑक्टोबर भात आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी, तीही नैसर्गिक भरतीतून आलेली. भाताचे धसकटं कुजून कोळंबीला खाद्य, कोळंबीची घाण भाताला खत.

म्हणून बांध की कांदळ असा एकच प्रश्न सगळ्या खाजणाला लावू नये, असं माझं मत झालंय. बांध अजून शाबूत आणि आत गवत किंवा भात आहे तिथे बांध आणि उघाडी दुरुस्त करावी, पण दार माणसाला उघडता येईल असं हवं आणि जाळ्याचा लिलाव गावानं करावा. जिथे कांदळ उभं राहिलंय तिथे कायदाही आड येतो आणि शहाणपणही. कांदळाचा चिखल कोरडा पाडला की त्यातलं गंधक हवेला उघडं पडून जमीन आम्ल होऊ शकते, मग भात तर नाहीच, मासळीही नाही. तिथे परवानगी घेऊन गाळानं बुजलेले चर मोकळे करावेत, भरती आतपर्यंत फिरू द्यावी. रोपं लावायची घाई नको. पाणी फिरलं की तिवर आपण होऊन येतो. आणि उघड्या चिखलावर, जिथे बायका तिसऱ्या-मुळे काढतात, तिथे फोटोसाठी कांदळाची रोपं रोवू नका. तो चिखल ओसाड नाही, ते कोणाचं तरी शेतच आहे.

आमच्या वाडीत साठपैकी एकेचाळीस खातेदारांच्या सह्या झाल्यात. बाकीचे मुंबईला, गणपतीत येतील तेव्हा घेऊ. वरच्या अंगाचा बांध राखायचा, खालचं कांदळ राहू द्यायचं, आणि मधल्या चरावर लाकडी फळ्यांची उघाडी पुन्हा बसवायची, असा अर्ज तयार केलाय. भांडण फक्त एकाच कलमावर अडलंय, उन्हाळ्यात दार उघडायची पाळी कोणाची आणि लिलावाचा पैसा कोणाच्या खात्यात. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. तुमच्या खाडीला ही पाळी कशी ठरवायचे, कोणाच्या आजोबांना आठवत असेल तर विचारून खाली लिहा, बैठकीत वाचून दाखवतो.